पॅराग्लायडिंगमध्ये मणका मोडला. सही केली असेल तर भरपाई मिळते का?

प्रश्न: कामशेतजवळ टँडम (पायलटसोबत दोघांच्या) उड्डाणात उतरताना प्रवाशाचा कमरेचा मणका मोडला. आधी 'जोखीम माझी' अशा कागदावर सही घेतली होती. दावा टिकेल का?

उत्तर १: टिकू शकतो. खेळातला अंगभूत धोका पत्करणं वेगळं आणि आयोजकाचा निष्काळजीपणा वेगळा. हार्नेसचे (प्रवाशाला बांधून ठेवणाऱ्या बैठकीचे) पट्टे नीट न आवळणं, वारा जोरात असताना उडवणं, ही सेवेतली त्रुटी. ती सहीने पुसली जात नाही. मात्र ती सिद्ध करावी लागते. हार्नेसच्या पाठीखालचा फोम दबलेला, फाटलेला असेल तर आजच जवळून फोटो काढा. उड्डाणाचा व्हिडिओ मूळ फाइलसकट जपा, व्हॉट्सअॅपवर आलेली प्रत पुरत नाही.

उत्तर २: जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत घटनेपासून 2 वर्षं. आयोगाची पायरी (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) भरपाईच्या रकमेवर नाही, सेवेसाठी मोजलेल्या पैशांवर ठरते, हे बरेच जण चुकवतात. मोजलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला शुल्कही नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यातही तक्रार करता येते.

उत्तर ३: पर्यटन संचालनालयाकडे आयोजकाची नोंदणी होती का, हे माहिती अधिकारात विचारा, राज्याच्या 2021च्या साहसी पर्यटन धोरणात ती सक्तीची आहे. पोलिसांत तक्रार देऊन पंचनामा मागा. अपंगत्वाचा दाखला उपचार स्थिरावल्यावरच घ्या, घाईत टक्केवारी चुकू शकते आणि बुडालेल्या कमाईचा हिशेब तिथेच कोसळतो. स्वतःची अपघात विमा पॉलिसीही वाचा, साहसी खेळ बहुतेकदा वगळलेले असतात.