'डायमेन्शनल सर्व्हे'ला मराठी शब्द?

मापकरी:
समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर जुने पाइप बदलायच्या कामाची कार्यपद्धती मराठीत करतोय. 'सर्वेक्षण' म्हटलं की लोकांना जमीन आठवते, 'मोजमाप' म्हटलं की टेप. काय लिहावं?

रेघ:
टेपने लांबी कळते. इथे प्रत्येक फ्लँजचा (पाइपच्या टोकाची, बोल्टने जोडायची चकती) मध्य, तोंडाचा कल आणि बोल्टच्या भोकांचा फिरकोन, तिन्ही लागतात. घोळ होतो तो शेवटच्यात. १२ इंची, १५० क्लासच्या (हा दाबाचा वर्ग) फ्लँजला १२ भोकं, ४३१.८ मिमी व्यासाच्या वर्तुळावर. स्पूल, म्हणजे वर्कशॉपमधून बनवून आणलेला पाइपचा तुकडा, एक अंश फिरला की भोक पावणेचार मिमी सरकतं, एएसएमई बी३१.३ या पाइपकामाच्या अमेरिकी मानकाची मुभा ३ मिमी. तोंडं समांतर हवीत ती २०० मिमीत १ मिमीच्या आत. म्हणून 'स्थितिमापन'.

जुनीपाटी:
हे फिटरला वाचून दाखवा एकदा! त्याचे शब्द तयार आहेत: फ्लँज 'गुण्यात' (काटकोनात) आहे का, पाइप 'ओळंब्यात' (सरळ उभा) आहे का.

रेघ:
गुण्या चालेल. पण प्लॅटफॉर्म म्हणजे तरंगतं जहाज असेल, तर ओळंबा फसवतो, कारण उभी रेषाच डुलत असते. तिथे टोटल स्टेशनचा (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) कंपेन्सेटर, म्हणजे यंत्राला उभ्या रेषेशी आपोआप जुळवणारा भाग, बंद करून, डेकवर पक्क्या लावलेल्या टार्गेटांच्या आधाराने मोजतात.

कानामात्रा:
गुण्या 'कोन'वरूनच ना?

जुनीपाटी:
फारसी 'गोनिया', त्याच्यामागे ग्रीक. ओळंबा मात्र 'अवलंब'चा. शुद्धिवाद्यांनी आधी गुण्या खाली ठेवावा.

कानामात्रा:
कारागिराच्या हातात रुळलेला शब्द परका कसा? त्या न्यायाने 'सर्व्हे'च राहू द्या की.

मापकरी:
बरं, जागेवर वेल्ड करायच्या टोकाला १००-१५० मिमी लांबी जादा ठेवतात, तिला?

जुनीपाटी:
माया. शिंपी शिवणीत ठेवतो तीच.

रेघ:
झकास. पण माया लांबीपुरतीच. फिरकोन चुकला असेल तर ती उपयोगाची नाही. आणि कापायचं माप घेताना पोलादाचं तापमान टिपून ठेवा. १० मीटर पाइप ३० अंशांच्या फरकाने साडेतीन मिमी वाढतो. वेल्ड आवळतो ते वेगळंच. मग कुणीतरी चेनब्लॉक (साखळीची कप्पी) लावून फ्लँज ओढून बसवतो, बोल्ट जातात, आणि तो ताण पंपाच्या नोझलवर (पाइप जोडायच्या तोंडावर) कायमचा राहतो.

कानामात्रा:
करारात 'माया १५० मिमी'? वकील हसतील.

रेघ:
हसू द्या. कुठल्या टोकाला ते मात्र लिहा, नाहीतर वर्कशॉपवाले दोन्हीकडे ठेवतात.