आरसीवर नोंद वेगळी, पॉलिसीवर वेगळी

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, सीएनजी किटची नोंद चढली की विमा कंपनीला कळवायची गरज नाही, असं कुणीतरी लिहिलंय, ते पटत नाही. आरटीओतली नोंद पॉलिसीत आपोआप उतरत नाही. पॉलिसीवर बाय-फ्युएल (पेट्रोलसोबत गॅसवर चालवायच्या) किटचा रकाना वेगळा असतो, तिथे शून्य दिसलं तर लेखी कळवून एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत तशी नोंद, करून घ्या. जुन्या टॅरिफच्या (दरपत्रकाच्या) हिशेबाने जादा हप्ता किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये, एवढ्यासाठी कशाला जीव टांगणीला?

पण कळवलं नाही म्हणजे क्लेम बुडालाच, हेही खरं नाही. आमच्या मेहुण्यांच्या गाडीला सोलापुरात होटगी रोडला उसाच्या ट्रॉलीने घासलं, डावी दोन्ही दारं आत गेली. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने डिकी उघडून सिलिंडरचेच फोटो जास्त काढले, मग किट कळवलं नव्हतं म्हणून नकाराचं पत्र आलं. त्यांनी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं, दारं चेपण्यात गॅसचा काय संबंध? सोबत सुप्रीम कोर्टाचा २०१० चा अमलेंदू साहू निकाल जोडला. अटीचा भंग झाला तरी 'नॉन-स्टँडर्ड' धरून ७५ टक्क्यांपर्यंत क्लेम देता येतो, असं त्यात आहे. तेवढे मिळाले. महिनाभरात उत्तर आलं नसतं तर पुण्याला विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाणार होते. तिथे फी नाही की वकील नाही, फक्त नकारापासून वर्षाच्या आत अर्ज हवा.