अभ्यासक्रमात 'काय करता येईल' ते लिहायचं, की नुसती युनिटं?

टिळकवाडीकर
काल शहापूरकर सरांनी लिहिलं, "'हा पेपर शिकल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल' असं अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर लिहिणं म्हणजे नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या) कमिटीसाठी रंगवलेला कागद. युनिटं द्या, पुस्तकं द्या, मार्क द्या. बाकीचं शिकवणारा बघून घेईल." खाली सगळ्यांचे अंगठे. मला ते पटलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सर, मी बी.ए.ला अर्थशास्त्र शिकवतो. संख्याशास्त्राच्या पेपरात निर्देशांकाचं, म्हणजे मूळ वर्षाचे भाव १०० धरून नंतरचे भाव दाखवणाऱ्या आकड्याचं, युनिट आहे. लास्पेयर, पाशे, फिशर, तिघांची सूत्रं पोरं घडाघडा म्हणतात, तक्ता भरतात, मार्क घेतात. त्याच पोरांना विचारतो, निर्देशांक १२५ वरून १५० वर गेला, भाव किती टक्क्यांनी वाढले? अख्खा वर्ग म्हणतो पंचवीस. उत्तर वीस आहे. वाढ १२५ वर मोजायची, १०० वर नाही, हे तिन्ही सूत्रं पाठ असलेल्याला कळत नाही, कारण ते कळायला पाहिजे असं कुठं लिहिलेलंच नाही. लिहिलंय काय, तर "विद्यार्थ्यांना निर्देशांकाची ओळख होईल." ओळख झाली का नाही हे तपासणार कसं? मग पेपर काढणारा सूत्र विचारतो, आणि शिकवणारा जुने पेपर बघून सूत्रच शिकवतो.

त्याजागी लिहा, "दिलेल्या निर्देशांकांवरून कुठल्याही दोन वर्षांमधली भाववाढ टक्क्यांत काढून तिचा अर्थ सांगता येईल." या एका ओळीनं काय शिकवायचं, किती वेळ द्यायचा, काय विचारायचं, सगळं ठरतं. आधी शेवट ठरवा, मग तो तपासायचा कसा ते, आणि युनिटं त्यानंतर. आपल्याकडे अभ्यास मंडळ जुना अभ्यासक्रम उघडतं, दोन युनिटं इकडची तिकडं होतात, सह्या होतात. तासांचा हिशेबसुद्धा कुणी करत नाही. थिअरीच्या एका क्रेडिटला सेमिस्टरमध्ये १५ तास, म्हणजे तीन क्रेडिटच्या पेपरला ४५. त्यातनं सुट्ट्या, इंटर्नल, कार्यक्रम वजा करा आणि मग सांगा पाच युनिटं कशी बसतात.

शहापूरकर
उत्तर दिलंस ते बरं केलंस. पण मी ते हवेत लिहिलं नव्हतं. कमिटी यायच्या आधी स्टाफरूममध्ये काय चालतं ते मी बघितलंय. एक तक्ता भरतात: पेपर शिकून काय येईल ते उभं, पदवीनं काय येईल ते आडवं, आणि दोन्हींचा संबंध किती घट्ट ते मधल्या चौकटीत १, २, ३. कुणी कशावरून भरले? शेजारच्याचं बघून! ब्लूम या शिक्षणतज्ज्ञानं १९५६ साली शिकण्याच्या पायऱ्या मांडल्या, आमच्याकडे त्याची क्रियापदांची यादी झाली. 'समजेल' खोडा, 'विश्लेषण करेल' लिहा. वर्गात तीच नोट्सची वही.

आम्ही धारवाडच्या विद्यापीठात होतो तेव्हा अभ्यासक्रम पानभर असायचा. आमच्या सरांनी आम्हाला पहाटे मार्केट यार्डात नेलं. रताळ्यांचा लिलाव चालू होता. पोती वाढत होती तसा भाव उतरत होता, आणि कोपऱ्यात एक शेतकरी माल परत न्यायचं भाडं परवडंना म्हणून पडेल भावाला देत होता. मागणी, पुरवठा आणि गरजवंताचा सौदा त्या तासाभरात कळला. ते कुठल्या ओळीत लिहिलं होतं? उद्या तुझी ती ओळ आली की मास्तर म्हणणार, यार्ड यात बसत नाही, चला पुढं.

उद्यमबाग
सर, यार्डाचं राहू द्या, आमच्या कारखान्याच्या शेडमध्ये या. मुलाखतीला डिग्रीवाला येतोय. ड्रॉइंगवर २५ अधिक-उणे ०.०२ मिलिमीटर. मायक्रोमीटर हातात दिला, रीडिंग बरोबर घेतलं, २५.०३. विचारलं, जॉब, म्हणजे तो पार्ट, पास का रिजेक्ट? तर मायक्रोमीटरचं तत्त्व सांगायला लागला. पोरगं हुशार होतं, पण ड्रॉइंग आणि रीडिंग शेजारी ठेवून निर्णय घ्यायला त्याला कुणी कधी सांगितलंच नाही. टिळकवाडीकर म्हणतात ती ओळ आमच्याकडे आधी लिहा. आणि लिहायला बसाल तेव्हा एखाद्या कारखानदाराला बोलवा.

शहापूरकर
विद्यापीठ म्हणजे तुमच्या फाउंड्रीचं ट्रेनिंग सेंटर नव्हे. पोरांना कामाला जुंपण्यापलीकडे शिक्षण असतं.

उद्यमबाग
आणि नोकरी नाही म्हणून तीच पोरं पुण्याचा रस्ता धरतात तेव्हा तुम्ही काय करता, सर?

खानापूरची
मी शेवटच्या वर्षाला आहे. भांडणात पडत नाही, पण आमच्या बाजूनं सांगते. युनिट तीनमध्ये लिहिलंय, 'बाजाराचे प्रकार: पूर्ण स्पर्धा, मक्तेदारी इत्यादी.' मागच्या सेमला दुसऱ्या पेपरात असल्याच 'इत्यादी'तनं दहा मार्कांचा प्रश्न आला. आम्हाला ते शिकवलंच नव्हतं. सर म्हणाले, अभ्यासक्रमात आहे की. संदर्भग्रंथांची यादी मोठी आहे, सगळी इंग्रजी, आणि लायब्ररीत त्यातलं जवळपास काही नाही. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत होते. पुस्तक नसलं की मला झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्सच राहतात.

निपाणीवाला
आता खरं बोलली पोरगी. मुद्दा भाषेचा आहे, बाकी सगळं झाकपाक. २०२१ ला कर्नाटक सरकारनं डिग्रीला कन्नड सक्तीचं करायचा आदेश काढला, हायकोर्टानं अडवला म्हणून बरं. आपल्या पोरांनी अर्थशास्त्र शिकायचं का भाषेच्या मागं पळायचं?

उद्यमबाग
दादा, इंजिनिअरिंगला कन्नड न येणाऱ्यांसाठी 'बळके कन्नड' म्हणून एका क्रेडिटचा पेपर आहे. भाव विचारणं, पत्ता विचारणं, असलं रोजचं बोलणं. माझा भाचा नाशिकचा, त्याला उपयोग झाला. शॉपमधले निम्मे कामगार कन्नड बोलतात. काय करता येणार ते त्या पेपराइतकं स्वच्छ बाकी कुठल्या पेपरात दिसत नाही.

निपाणीवाला
नाशिकच्या पोरानं शिकावं, कोण नको म्हणतंय? इथं जन्मलेल्या मराठी पोराला आपल्या गावात परक्यासारखं का वागवायचं? तुम्ही लोक धंद्यासाठी मान डोलवता आणि वर आम्हालाच शहाणपण शिकवता.

उद्यमबाग
तोंड सांभाळून. माझे वडील सीमालढ्यात लाठ्या खाल्लेले आहेत. भाषा शिकली म्हणून मी मराठी कमी झालो नाही.

येळ्ळूरचा
दोघं थांबा बघू. मीही चळवळीतला आहे, निपाणीवाल्यांच्या सक्तीविरुद्धच्या मताशी शंभर टक्के. पण खानापूरच्या ताईनं भाषेचं रडगाणं गायलं नव्हतं. तिनं विचारलं, 'इत्यादी'त काय येतं? ते मराठीत छापलं असतं तरी तिला कळलं नसतं.

टिळकवाडीकर
येळ्ळूरकरांनी नेमकं बोट ठेवलं. आणि 'बळके कन्नड'सारखा बोलण्याचा पेपर असेल तर पोराला समोर बसवून दोन वाक्यं बोलायला लावा. टिकमार्क करून बोलणं तपासता येत नाही. परीक्षा वेगळंच तपासत असेल तर पहिल्या पानावरच्या ओळीला किंमत राहत नाही. सरांचा रंगवलेला कागद तयार होतो तो इथं, आणि त्यांचा राग तेवढ्यापुरता रास्त आहे.

पण सर, मार्केट यार्डात नेणारे गुरुजी प्रत्येकाच्या नशिबी नसतात. आज निम्मे तास अतिथी प्राध्यापक घेतात. नेमणूक उशिरा, सेमिस्टर अर्धं संपलेलं. त्या माणसाच्या हातात असतो फक्त अभ्यासक्रमाचा कागद. त्यात रचना बदलायची घाई. २०२१-२२ ला कर्नाटकात चार वर्षांची पदवी आली, २०२४-२५ पासून परत तीन वर्षांची. त्या वर्षी आम्ही पहिल्या सेमला नवी रचना आणि पाचव्याला जुनी शिकवत होतो. युनिटांची नावं तीच, क्रेडिट वेगळे, पेपरचा नमुना वेगळा. कुणाला किती खोल शिकवायचं हे कागदावर असतं तर निदान पोरांचे हाल झाले नसते.

शहापूरकर
अतिथींचं म्हणतोस ते खरं आहे, नाही म्हणत नाही. माझ्या निवृत्तीनंतर माझी जागा भरलीच नाही, तिथं दरवर्षी नवा चेहरा येतोय. त्या पोरांसाठी स्पष्ट कागद पाहिजे. संख्याशास्त्रात, हिशेबात, मशीनवर तुझी ओळ चालेल. पण मराठीच्या पेपरला ती लावू नका. ज्ञानेश्वरीची ओवी वाचून कुणाच्या आत काय झालं ते कुठल्या परीक्षेत तपासणार?

टिळकवाडीकर
आत काय झालं ते तपासायचं नाही, सर. पण न शिकवलेली ओवी समोर ठेवून "अर्थ लाव" असं विचारता येतं. आज शिकवलेल्या ओवीचा गाइडमधला अर्थ विचारतात.

शहापूरकर
न शिकवलेली ओवी... हं. ते मान्य. तेवढंच. चौकटीतले आकडे मी मरेपर्यंत भरणार नाही.

निपाणीवाला
सगळे गोड झालात, भाषेचं मात्र राहिलंच.

येळ्ळूरचा
त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो.

खानापूरची
सर, माझा पेपर सोमवारी आहे.

टिळकवाडीकर
ताई, त्या 'इत्यादी'त मक्तेदारीयुक्त स्पर्धा आणि अल्पाधिकार धर. चारही बाजारांत विक्रेते किती, माल एकसारखा का वेगळा, भाव कुणाच्या हातात, नव्या विक्रेत्याला शिरता येतं का, याचा एक तक्ता स्वतः कर. करून इथंच टाक, रात्री बघून देतो.