स्नायूंतून इन्सुलिनचा रिसेप्टर काढला, तरी उंदरांची रक्तशर्करा सामान्य कशी राहते?

प्रश्न

जनुकबदल केलेल्या उंदरांवरील इन्सुलिनचे प्रयोग वाचताना एका ठिकाणी अडलो आहे. संपूर्ण शरीरातून इन्सुलिन रिसेप्टरचे (इन्सुलिनचा संदेश पेशीत पोहोचवणाऱ्या प्रथिनाचे) जनुक काढले, तर पिल्ले जन्मतात खरी, पण दूध पिऊ लागल्यावर त्यांची रक्तशर्करा भडकते आणि काही दिवसांतच ती कीटोअ‍ॅसिडोसिसने (रक्तात कीटोन आम्ले साचून) दगावतात. हाच रिसेप्टर केवळ स्नायूंतून काढलेल्या उंदरांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यांची रक्तशर्करा आणि रक्तातील इन्सुलिन मात्र सामान्य निघाले. इन्सुलिनमुळे रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायूंचा असतो, असे आपण शिकतो. मग स्नायूंना इन्सुलिनची गरजच नाही, असा अर्थ घ्यायचा का?

प्रतिसाद १

तसा अर्थ घेऊ नये. रक्तशर्करा हा अनेक अवयवांच्या कामाचा एकत्रित परिणाम असतो, त्यामुळे तो आकडा सामान्य आला एवढ्यावरून स्नायूंचे काम सुरळीत आहे असे ठरत नाही. त्याच उंदरांच्या अंगावर चरबी जास्त होती आणि रक्तात ट्रायग्लिसराइड हे मेदही वाढलेले होते. पुढे मोजमाप केल्यावर दिसले की, इन्सुलिन दिल्यानंतर स्नायूंत शिरणारी साखर पुष्कळ घटली होती आणि मेदपेशी नेहमीपेक्षा बरीच अधिक साखर उचलत होत्या. शिवाय स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ग्लुट-४ हा साखरेचा वाहक इन्सुलिनच्या संदेशाशिवायही पेशीच्या पटलावर येतो, आणि ती वाट या उंदरांत शाबूत होती. स्नायूंतून हा वाहकच काढलेल्या उंदरांत मात्र लहान वयातच साखरेचे नियमन बिघडले. रिसेप्टर यकृतातून काढला, तरीही तीव्र इन्सुलिन-प्रतिरोध (इन्सुलिनला शरीराने नीट दाद न देणे) निर्माण झाला. हे सगळे उंदीर शेजारीशेजारी ठेवून पाहिले, तरच कोणत्या अवयवाची उणीव कोण भरून काढतो हे उमगते.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी सहमत आहे, पण साधनाकडेही तितकेच बारकाईने पाहावे, असे मला कळकळीने वाटते. एखाद्या ऊतीतूनच जनुक काढण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंना लॉक्स-पी या डीएनएतील खुणा बसवतात आणि दोन खुणांमधला भाग कापून टाकणारे क्री हे विकर त्या ऊतीतच तयार होईल अशी योजना करतात. स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींसाठी सर्रास वापरल्या गेलेल्या काही क्री-उंदरांत, क्रीची निर्मिती चांगली व्हावी म्हणून, मानवी वाढ-संप्रेरकाचे जनुकही जोडलेले होते. ते गप्प राहील असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात त्या पेशी ते संप्रेरक बनवत होत्या, आणि ते प्रोलॅक्टिन या दुसऱ्या संप्रेरकाच्या रिसेप्टरवर काम करून बीटा पेशींत गर्भारपणासारखे बदल घडवत होते. असे उंदीर वापरून काढलेल्या निष्कर्षांत काढलेल्या जनुकाचा परिणाम कोणता आणि साधनाचा कोणता, हे वेगळे करणे अवघड होते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मग तुलनेसाठी कोणते उंदीर घ्यावेत? आणि जनुक प्रौढ वयात काढले, तर उणीव भरून निघण्याचा प्रश्न कमी होईल का?

प्रतिसाद २

बराच कमी होईल, कारण वाढीच्या काळात शरीराला जुळवून घेण्याची संधी मिळत नाही. मात्र त्यासाठी क्रीला हव्या त्या वेळी कामाला लावणारे टॅमॉक्सिफेन हे औषध सहसा देतात आणि ते इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरला जाऊन चिकटते. म्हणून ते तुलनेच्या गटालाही द्यावे आणि त्याचा प्रभाव ओसरू दिल्यावरच मोजमाप घ्यावे. तुलनेसाठी त्याच वेतातील, केवळ लॉक्स-पी खुणा असलेले आणि केवळ क्री असलेले, असे दोन्ही गट हवेत. पहिल्यावरच भागवलेले शोधनिबंध अनेक दिसतात. ते वाचताना सावध राहावे.