मदत हवी आहे: व्हॅलेंटिना मुनवर अडकली आहे आणि तिला आणायला बनवलेलं रॉकेट १० किमीवर उलटतंय

जेकार्डवाला

नमस्कार मंडळी. सोलापुरातून लिहितोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर जेकार्डची डिझाइनं करतो. संध्याकाळी घरी आलो की भाची येते, ताई शेजारच्याच गल्लीत राहते, पोरगी सातवीत आहे, आणि मग आम्ही दोघं केर्बल स्पेस प्रोग्रॅम खेळतो, रॉकेट बनवून उडवायचा कॉम्प्युटर गेम, १.१२ व्हर्जन, सँडबॉक्समधे. त्यातली पृथ्वी म्हणजे केर्बिन आणि चंद्र म्हणजे मुन. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ चा विक्रम उतरला तेव्हा ती माझ्याच शेजारी बसून टीव्ही बघत होती, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी, तेव्हापासून तिच्या डोक्यात चंद्रच आहे.

आमच्यात एक नियम आहे, तिनेच केलेला. रिव्हर्ट, म्हणजे उड्डाण मागे नेऊन पुन्हा खेळणं, करायचं नाही. जे झालं ते झालं. सेव्ह करून ठेवतो पण ती फाईल फक्त लाईट गेली तरच उघडायची, कारण आमच्याकडे बर्नच्या (इंजिन पेटवलेलं असताना) मधेच लाईट जाते आणि त्यात अंतराळवीराचा काय दोष असं तिचं म्हणणं.

तर झालं असं. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत आम्ही पहिल्यांदा मुनवर माणूस उतरवला. व्हॅलेंटिना केर्मन, एमके १ पॉड (एका माणसाची केबिन), खाली एफएल-टी ४०० टाकी आणि टेरियर इंजिन. लँडरमधे सुरुवातीला २०६० च्या आसपास डेल्टा व्ही (इंधनात वेग एकूण किती बदलता येईल, मीटर प्रति सेकंदात) होतं. ट्रान्सफरचं (केर्बिनच्या कक्षेतून मुनकडे नेणारं) स्टेज मधेच संपलं म्हणून तिथे लँडरच्या टाकीतले अंदाजे २९० गेले, मग मुनच्या कक्षेत शिरायला ३१०, आणि उतरल्यावर बघतो तर ४३० उरले. कक्षेत चढायलाच ५८० लागतात आणि घरी यायला वर ३१०. म्हणजे ४६० कमी. भाची झेंडा लावून खूश होती, तिला सांगायला मला दोन दिवस लागले.

आता व्हॅलेंटिनाला आणायला दुसरं रॉकेट पाठवतोय. तसाच लँडर, आणि पाय जास्त लांब आणि रुंद लावलेत. ते १० किमीवर वळवलं की सरळ उलटं होतं, शेपूट पुढे. सहा वेळा झालं. खाली मधे रिलायंट इंजिन, बाजूला दोन थंपर बूस्टर. मला वाटलं नंदीध्वजासारखं (यात्रेत एकेक माणूस उभा धरून नेतो ती उंच काठी) असेल, वर वजन झालं की कलणार, म्हणून खालचा भाग अजून जड केला तर अजूनच लवकर उलटलं. पंख लावलेले नाहीत.

दोन प्रश्न आहेत. रॉकेट का उलटतं? आणि पहिल्या वेळी इंधन नक्की कुठे गेलं, कारण हिशोबाने ५८० मधे उतरायला पाहिजे होतं, मग दुसरं रॉकेटपण तिथे जाऊन अडकलं तर? पोरगी रोज शाळेतून आली की आधी ट्रॅकिंग स्टेशन (गेममधली सगळी यानं दिसतात तो पडदा) उघडून व्हॅलेंटिना आहे ना बघते. तिला आणायचंच आहे.

कक्षाप्रेमी

आधी उलटण्याचं बघू. तुम्ही १० किमीपर्यंत सरळ वर जाऊन मग एकदम ४५ अंश वळवता का? जुन्या व्हिडिओत असंच सांगायचे.

जेकार्डवाला

हो अगदी तसंच. एका जुन्या व्हिडिओवरून शिकलो. पहिलं रॉकेट तसंच गेलं होतं पण, थोडं हललं आणि सावरलं.

कक्षाप्रेमी

मग तेच. तो सल्ला १.० च्या आधीचा आहे. एप्रिल २०१५ मधे १.० आलं तेव्हा हवेचं सगळं गणित बदललं. त्याआधी खालची हवा इतकी दाट होती की सरळ वर निघून जाणंच परवडायचं, आणि रॉकेटचं तोंड कुठेही असलं तरी हवेला फारसा फरक पडत नसे. आता पडतो. तुम्ही १० किमीवर ४००-५०० मीटर प्रति सेकंदाच्या वेगाने सरळ वर चाललेला असता आणि अचानक नाक ४५ अंश वळवता, म्हणजे इतक्या वेगाच्या वाऱ्यात रॉकेट आडवं धरता. वारा ते उलटवणारच. पहिलं रॉकेट वाचलं कारण त्याचे पाय बारीक होते.

आता वळण फार लवकर आणि फार हळू सुरू करा. वेग ८०-१०० झाला की पूर्वेकडे ५ अंश कलवा, बस. त्यानंतर नॅव्हबॉलवरचा (दिशा दाखवणाऱ्या गोळ्यावरचा) पिवळा प्रोग्रेडचा (गतीच्या दिशेचा) गोल जिकडे सरकतो त्याच्या मागे मागे जा, त्याच्यापासून ५ अंशांपेक्षा जास्त लांब जाऊच नका. १० ते १२ किमीवर आपोआप ४५ च्या आसपास येतं. हवा ७० किमीपर्यंत आहे पण ३५-४० च्या वर मग मोकळे आहात.

आणि सुटतानाचा टीडब्ल्यूआर (वजनाच्या किती पट जोर) किती आहे? थंपर लावले की तो बऱ्याचदा २ च्या वर जातो. बूस्टरवर राईट क्लिक करून थ्रस्ट लिमिटर कमी करा, १.४ च्या आसपास आणा. खालच्या दाट हवेत कमी वेग म्हणजे उलटवणारा जोरही कमी.

जुळेसोलापूरकर

ओ भाऊ, मी पण इथलाच, जुळे सोलापूर. नंदीध्वजाचं उदाहरण चांगलं आहे पण तुम्ही ते उलट्या बाजूने लावलंत. ध्वज कलायला लागला की धरणारा माणूस काय करतो? खालून पाय सरकवतो, कमरेतून सावरतो, आजूबाजूचे लोक आधार देतात. म्हणजे तोल खालच्या हालचालीने राखला जातो. रॉकेटमधे ते काम इंजिनाचं नॉझल वळवून होतं, गिंबल म्हणतात. तुमच्या रिलायंटला गिंबलच नाही! जोर चांगला आहे त्याचा पण ते सरळच ढकलतं. मधे स्विव्हेल लावा, ते ३ अंश वळतं, जोर थोडा कमी आहे पण बूस्टर आहेतच की.

आणि वजनाचं उलट आहे. हवेत उडणाऱ्या वस्तूला वजन पुढे लागतं आणि हवेला अडवणारा भाग मागे. बॅडमिंटनचं शटलकॉक बघा, जड बूच पुढे, पिसं मागे. कसंही मारा, बूच पुढे करूनच जातं. तुमचं रॉकेट शटलकॉक उलटं धरल्यासारखं आहे, वर रुंद पाय पसरलेले आणि खाली जड, पंख नाहीत. त्यात तुम्ही खालचं वजन अजून वाढवलंत. तळाशी चार विंगलेट (छोटे पंख) लावा, आणि लँडर फेअरिंगमधे (बाहेरच्या आवरणात) झाका म्हणजे पाय वाऱ्यात येणार नाहीत. फेअरिंग ५० किमीच्या वर गेल्यावर सोडा.

भाचीला शटलकॉक हातात देऊन दाखवा, आम्ही आमच्या पोराला तसंच समजावलं होतं.

खगोलमित्र

दुसऱ्या प्रश्नाचं मी बघतो, कारण माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. उतरताना तुम्ही किती उंचीपासून हळू आलात? आणि किती वेगाने?

जेकार्डवाला

भीती वाटत होती म्हणून बऱ्याच वरून हळू आणलं. अल्टिमीटर ८००० दाखवत होता तेव्हापासून वेग २० च्या आसपास धरून ठेवला. जमीन २५०० ला लागली. मला तर वाटलं हळू उतरणं सुरक्षित.

खगोलमित्र

म्हणजे साडेपाच हजार मीटर २० च्या वेगाने. २७५ सेकंद. मुनचं गुरुत्व १.६३ आहे, म्हणजे नुसतं तरंगत राहायला दर सेकंदाला १.६३ मीटर प्रति सेकंद इतकं डेल्टा व्ही जळतं. २७५ गुणिले १.६३ करा, ४४८ येतात. तुम्हाला कमी किती पडले? ४६०. तुमचं इंधन तिथे गेलं. इंजिनात दोष नाही, डिझाइनमधे नाही, तुमच्या हिशोबातही नाही. साडेचार मिनिटं हवेशिवाय लटकून राहिलात त्याचं बिल आहे ते.

विक्रमचं आठवा. ३० किमीवरून ७.४ किमीवर येईपर्यंतचा पहिला टप्पा ६९० सेकंदांचा होता, पण त्यात मुख्य काम आडवा वेग मारण्याचं, १.६८ किमी प्रति सेकंदावरून सुमारे ३५८ मीटरवर. थांबून जागा बघायचं काम अगदी खाली आल्यावर, १५० मीटरवर. वर फार वेळ थांबण्यात इंधन घालवलं नाही.

तुम्हीपण तसंच करा. आधी १५ किमीची गोल कक्षा करा. व्हॅलेंटिनाच्या यानाला टार्गेट करा. ती विषुववृत्ताजवळ आहे का? असेल तर सोपं, कक्षा तिच्या डोक्यावरून जाईलच. मग पेरिॲप्सिस (कक्षेचा सर्वात खालचा बिंदू) तिच्या जवळपास ८ किमीवर आणा. टार्गेट साधारण १० किमी लांब राहिलं की रेट्रोग्रेडला (गतीच्या उलट दिशेला) पूर्ण जोराने बर्न, तुमच्या लँडरला साधारण ३५-४० सेकंद लागतील आणि तेवढ्यात तो १० किमी पुढे सरकेल, म्हणजे आडवा वेग संपेल तेव्हा तुम्ही तिच्या वर असाल. मग इंजिन बंद. पडू द्या. जमिनीपासून १५०० मीटरवर पुन्हा बर्न, ५०० वर वेग ४० करा, १०० वर १०, आणि टेकवा. अल्टिमीटरजवळच्या छोट्या बटणाने जमिनीपासूनची उंची बघता येते, ती ठेवा, नाहीतर ८००० बघून पुन्हा छाती धडधडेल.

कक्षाप्रेमी

हिशोब करून पाहिला. पॉड, पॅराशूट, हीट शील्ड, डीकपलर, पाय, प्रोब कोर (माणसाशिवाय यान चालवणारा भाग), बॅटरी, अँटेना धरून अंदाजे ४.३८ टन, रिकामा २.३८. टेरियरचा आयएसपी (इंधन किती काटकसरीने जाळतं त्याचा आकडा) ३४५, गुणिले ९.८१ गुणिले ४.३८ भागिले २.३८ चा नॅचरल लॉग, २०६० येतात. कक्षेत शिरायला ३१०, उतरायला ७०० धरू, चढायला ५८०, परतीला ३१०. १९०० झाले. १६० शिल्लक. पुरेल, पण ट्रान्सफरला लँडरचं इंधन हात लावायचं नाही. ट्रान्सफरला लागणारे ८६० खालच्या स्टेजनेच द्यायला पाहिजेत.

एक महत्त्वाचं. पॉडमधे सीट एकच आहे, त्यामुळे यान रिकामं जायला हवं. असेंब्लीमधे क्रूच्या टॅबवर जाऊन जेबला (गेममधला दुसरा अंतराळवीर) बाहेर काढा, तो आपोआप बसलेला असतो. मी एकदा दोन तास घालवून मुनवर पोचलो आणि दार उघडलं तर आत जेब. म्हणून प्रोब कोर लागणारच. हेक्स घ्या, त्यात प्रोग्रेड-रेट्रोग्रेड धरायची सोय आहे, ऑक्टोमधे नाही. छोटं सोलर पॅनेल आणि कम्युनोट्रॉन १६ लावा. प्रोबला घराशी सिग्नल लागतो, मुनच्या मागे गेलात की तुटतो, म्हणून मागच्या बाजूला करायचे बर्न टाळा किंवा आधीच ठरवून ठेवा.

विजापूररोड

दुसरा मार्गपण आहे. ४३० मधे लँडर जवळजवळ कक्षेच्या वेगापर्यंत जातो, मुनच्या खालच्या कक्षेत साधारण ५५० लागतो. सर्वात उंच पोचल्यावर व्हॅलेंटिनाला बाहेर काढून जेटपॅकने उरलेला वेग मिळवायचा, आणि बचाव यानाने तिला कक्षेतच उचलायचं. उतरायचा खर्चच वाचतो.

जेकार्डवाला

हे भाचीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मामा, तिला एकटीला नुसत्या सूटमधे फिरत ठेवायचं नाही. आपण खाली जाऊन घेऊ." तर खालीच जातोय. पण ही युक्ती वहीत लिहून ठेवली आहे तिने, वेळ आली तर.

जेकार्डवाला

अपडेट देतो. काल रविवार होता.

स्विव्हेल लावलं, चार विंगलेट, फेअरिंग, बूस्टर कमी करून टीडब्ल्यूआर १.४. जेबला बाहेर काढलं, भाचीने स्वतः तीन वेळा तपासलं. ९० च्या वेगाला ५ अंश कलवलं आणि मग काहीच करावं लागलं नाही, नाक स्वतःच गोलाच्या मागे गेलं. १० किमी आलं तेव्हा माझा श्वास अडकला होता, सरळ पुढे निघून गेलं. ८० किमीची कक्षा. शटलकॉक टेबलावर होतं पूर्ण वेळ.

मुनवर पोचलो तेव्हा व्हॅलेंटिनाच्या जागी रात्र होती. मुनचा फेरा ३८ तास ३६ मिनिटांचा आहे म्हणून कक्षेतच थांबून टाईम वॉर्प केला (गेममधली वेळ पळवली), ऊन आल्यावरच उतरायला घेतलं. दुपारी सव्वातीनला बर्न सुरू केला आणि सोलापुरात जे व्हायचं तेच झालं, लाईट गेली. सव्वापाचला आली. नियमाप्रमाणे सेव्ह उघडली, ती अगदी बर्नच्या आधीची होती.

इंजिन बंद करून पडू द्यायचं ते सगळ्यात अवघड गेलं. हात आपोआप थ्रॉटलकडे जातो. वेग १२० च्या पुढे गेला, जमीन वर येतेय, आणि भाची मोठ्याने आकडे म्हणत होती, "तीन हजार... दोन हजार... दीड हजार, आता!" १७०० मीटर लांब टेकलो व्हॅलेंटिनापासून. पाय मोडला नाही, कललं नाही.

तिने जेटपॅकने यावं असं मी म्हटलं, पण भाचीने अर्धं अंतर चालवत आणलं, म्हणे इतके दिवस ती बसूनच होती. शिडी लावायला विसरलो नव्हतो. पॉडमधे चढली तेव्हा कोपऱ्यात तिचा चेहरा दिसायला लागला, आणि पोरीने माझा हात धरला.

परतताना केर्बिनचा पेरिॲप्सिस ३२ किमी ठेवला. हीट शील्ड पुढे, ज्वाळा, मग पॅराशूट. समुद्रात उतरली, रात्री आठ दहाला. डीकपल करायच्या (टाकी-इंजिन पॉडपासून सोडायच्या) आधी टाकीत १५५ उरले होते, कक्षाप्रेमींनी १६० सांगितले होते. वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेत तिने.

ताई जेवायला हाक मारत होती तेव्हा पोरगी ट्रॅकिंग स्टेशन उघडून बसली होती. मुनवर आता रिकामा लँडर आणि झेंडा, दोन्हीच दिसतात.