बिडाचा यांत्रिक गल्ला: अस्सल अमेरिकी की नंतरची नक्कल?

प्रश्न (वडोदरा): दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर छोट्या इमारतीच्या रूपातला बिडाचा गल्ला (नाणी साठवायचे यांत्रिक खेळणे) सापडला असून, दारावरील घंटेची मूठ ओढताच घुमट वर उचलला जातो आणि आतली रोखपालाची बाहुली दिसते. तो एकोणिसाव्या शतकातील आहे का, हे कसे ओळखावे?

उत्तर १: वर्णनावरून हा ‘हॉल्स एक्सेलसिअर’ दिसतो. जॉन हॉल यांनी त्याचे पेटंट १८६९ मध्ये घेतले आणि कनेक्टिकटमधील क्रॉमवेलच्या जे. अँड ई. स्टीव्हन्स कंपनीने तो ओतला. रोखपालापुढे नाणे ठेवले की त्याच्या भाराने तो खाली जायला हवा.

उत्तर २ (इंदूर): नुसत्या पेटंटच्या तारखेवर विसंबू नका, कारण नक्कल करणारे मूळ गल्ल्यावरूनच साचा घेत असल्याने अक्षरेही जशीच्या तशी उतरतात, मात्र बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून अशी नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते. जुने ओतीव काम गुळगुळीत असते आणि सांधे घट्ट बसतात. नकलेत वाळूचा खरखरीतपणा व फटी जाणवतात. फुलीच्या खाचेचा स्क्रू मूळचा असूच शकत नाही, कारण तो १९३० च्या दशकातला आहे.

उत्तर ३: घासूनपुसून लख्ख करण्याचा मोह मात्र कृपया आवरा. मूळ रंग गेला की संग्राहकांच्या लेखी निम्मी गंमत संपते.