'मॉडिफाइड ग्रॅव्हिटी'ला मराठीत काय म्हणायचं?

निळीशाई: एक लेख मराठीत करतेय, त्यात रशियन भौतिकशास्त्रज्ञ स्टारोबिन्स्कीचं १९८०चं मॉडेल आहे. वेगळं फील्ड (अवकाशभर पसरलेली एखादी राशी) मुद्दाम घालायचं नाही, आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या थिअरीत अवकाश-काळाची जी वक्रता असते तिच्या वर्गाचं एक पद जोडायचं, की सुरुवातीचं विश्व आपोआप भराभर फुगतं. असल्या थिअरींना मी 'सुधारित गुरुत्वाकर्षण' लिहिलं तर मित्र म्हणतो, सुधारित बियाणं असतं.

टपरीवाला: बरोबर बोलला. सुधारित म्हटलं की आधीचं बिघडलं होतं असं वाटतं. शिवाय बदललीय ती थिअरी, गुरुत्वाकर्षण बिचारं होतं तिथंच आहे. 'फेरफार केलेला गुरुत्व सिद्धांत' लिहा.

जुनाखडू: फेरफार तलाठ्याकडे होतो हो. आणि विश्वाचा सगळ्यात जुना प्रकाश मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या २०१८च्या आकड्यांशी हे मॉडेल छान जुळलं, त्याला फेरफार म्हणणं बरं दिसत नाही. पण ताई, त्या भराभर फुगण्याला, इन्फ्लेशनला, काय लिहिलंत?

निळीशाई: फुगवटा.

जुनाखडू: फुगवटा पुरीला! स्फीती लिहा, 'स्फाय्' धातू, अर्थ फुगणं, वाढणं.

कृष्णाकाठ: आम्हा सांगलीकरांना फुगवटा म्हणजे अलमट्टी धरणाचं तुंबलेलं पाणी, त्यावरून दर पावसाळ्यात भांडणं. पण ते पाणी सावकाश मागं चढत येतं, आणि इथं सेकंदाच्या अब्जांशाच्याही कितीतरी खाली, तेवढ्यात अंतरं साठेक वेळा २.७१८ पट होणार, म्हणजे एकावर सव्वीस शून्यं. फुगवटा फुगून झाल्यावर दिसतो, इथं क्रिया पायजे. सरळ 'विश्वाचं फुगणं' म्हणा की.

जुनाखडू: विश्व रुसलंय असं वाटेल.

टपरीवाला: 😂 वाटू दे. स्फीती पण हिंदीतल्या मुद्रास्फीतीमुळे कानावर पडते, आपल्याकडे चलनवाढच. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ गूथने १९८१च्या पेपरात इन्फ्लेशन लिहिलं तेव्हा अमेरिकेत महागाई दोन आकडी होती, तिकडच्या माणसाला तो शब्द रोज पेपरात दिसायचा, मग आपणच का कोश उघडून बसायचं?

जुनाखडू: मग 'महागाई' लिहा! परिभाषेला शिस्त लागते.

निळीशाई: माझा प्रश्न मॉडिफाइडचा होता हो, आणि स्टारोबिन्स्कीच्या पेपरच्या नावात इन्फ्लेशन शब्दच नाही, त्याला सिंग्युलॅरिटी, म्हणजे घनता अनंत होते ती सुरुवात, टाळायची होती.

कृष्णाकाठ: अरे हां, सिंग्युलॅरिटीला काय लिहिलंय?

जुनाखडू: एकवचन तर नाही ना?